भोपळा, बांबूचा गोल आणि आभासी विश्व

‘आभासी प्रयोगशाळा’, ‘सिम्युलेशन’, ‘अनुभवात्मक शिक्षण’ हे शब्द आता शासकीय परिपत्रकांत चांगलेच स्थिरावले आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात आभासी प्रयोगशाळांचा आवर्जून उल्लेख आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या ‘मिशन कर्मयोगी’ने सरकारी नोकरांचे प्रशिक्षण मोठ्या प्रमाणावर संगणकाच्या पडद्यावर आणले. २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात विज्ञान आणि गणितासाठी ७५० आभासी प्रयोगशाळा आणि कौशल्यशिक्षणासाठी ७५ ई-प्रयोगशाळा जाहीर झाल्या. एखादी कल्पना अर्थसंकल्पात शिरली की तिचे रूपांतर लवकरच खरेदीत होते. किती संच, किती परवाने, किती रुपयांना, एवढेच प्रश्न मग नस्तीवर उरतात. नक्कल कशाची करायची, आणि ती करून शिकणाऱ्याला नेमके काय यावे, हा मूळचा प्रश्न पहिल्या पानावर असतो. तिसऱ्या पानापर्यंत तो हरवतो.

हा प्रश्न नवीन नाही. आपल्याकडे तो फार जुना आहे आणि त्याची काही उत्तम उत्तरे काशीत, तीही बऱ्याच अंशी मराठी घराण्यांच्या हातून, शोधली गेली आहेत. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना हा इतिहास विशेष जवळचा वाटेल, कारण तो घर सोडून गेलेल्या माणसांचा इतिहास आहे.

काशीतील मराठी वस्ती

गंगेच्या काठाने दशाश्वमेधाहून उत्तरेकडे, म्हणजे प्रवाहाच्या दिशेने निघाले आणि मणिकर्णिका ओलांडली की पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्मघाट असे घाट लागतात. त्यांच्या मागच्या अरुंद गल्ल्यांत दूधविनायक हा मोहल्ला आहे. पिढ्यान्‌पिढ्या येथे मराठी कुटुंबे राहिली. दक्षिणेतून आलेले वैदिक, शास्त्री, ज्योतिषी, क्षेत्रवासासाठी आलेली वृद्ध मंडळी आणि त्यांच्यामागून आलेले आश्रित या सर्वांनी मिळून ही वस्ती घडली. दूधविनायकाच्या गल्लीत मी अनेकदा गेलो आहे. तेथील घरांतून ऐकू येणारी मराठी बनारसी हिंदीच्या लयीत मुरलेली आहे, तरीही ती मराठीच आहे.

या भागात पोथी आणि पाठांतर यांना मोठा मान होता. वेदपठणाच्या पद, क्रम, जटा, घन या पद्धती म्हणजे स्मरणशक्तीने घडवलेली काटेकोर यंत्रणाच होय. म्हणून काशीची विद्या म्हणजे केवळ घोकंपट्टी, असा समज सहज होतो. तो अपुरा आहे. पाठांतराबरोबरच या नगरीच्या परंपरेत ‘करून पाहण्याची’ एक धारा होती, आणि करून पाहण्यासाठी मुद्दाम बनवलेल्या प्रतिकृतींची शिस्तही होती.

भोपळ्यावर शस्त्र

सुश्रुतसंहितेत उपदेश करणारे गुरू आहेत काशिराज दिवोदास धन्वंतरी. सुश्रुत आणि त्याचे सहाध्यायी त्यांच्याकडे शल्यतंत्र शिकले, अशी ग्रंथाची मांडणी आहे. या संहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय ‘योग्यासूत्रीय’ या नावाने ओळखला जातो. ‘योग्या’ म्हणजे हाताचा सराव. शास्त्र संपूर्ण पाठ असले तरी ज्याने योग्या केलेली नाही तो कर्माला अपात्र ठरतो, अशी या अध्यायाची भूमिका आहे.

त्यापुढे येणारी यादी आजच्या कोणत्याही प्रशिक्षण-आराखड्याला लाजवील अशी आहे. कापण्याचा सराव कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड, काकडी यांवर करावा. भेदन शिकण्यासाठी पाण्याने वा चिखलाने भरलेली कातडी पिशवी किंवा जनावराचे मूत्राशय घ्यावे. खरवडण्यासाठी केसांसह असलेले कातडे घ्यावे. शिरावेध मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठावर शिकावा. सळई घालून व्रणाचा माग काढणे किडीने पोखरलेल्या लाकडावर आणि बांबूच्या पोकळीत शिकावे. आत रुतलेली वस्तू ओढून काढण्यासाठी फणस आणि बेल यांचे गर, तसेच मृत जनावराचे दात वापरावेत. टाके घालण्यासाठी जाड कापडाच्या आणि मऊ चामड्याच्या कडा, आणि पट्टी बांधण्यासाठी माणसाच्या आकाराची, अंगप्रत्यंगे असलेली बाहुली घ्यावी.

या यादीतील एकही वस्तू ‘माणसासारखी’ नाही. बाहुलीचा अपवाद सोडला तर दिसण्यातही नाही. कोहळा माणसासारखा दिसत नाही. पण सुरीला तो जो विरोध करतो, तो त्या विशिष्ट कर्मापुरता उपयोगी असतो. कमळाच्या देठात रक्त नसते. पण बारीक पोकळ नळीला एका बाजूने भोक पाडताना दुसरी बाजू फोडू नये, हे त्यावर नीट शिकता येते. प्रत्येक कर्मासाठी एकच गुणधर्म निवडायचा आणि तो हुबेहूब असलेली सर्वांत स्वस्त वस्तू घ्यायची, हे तत्त्व येथे स्पष्ट आहे. संपूर्ण साम्य गाठण्याचा हट्ट नाही, आवश्यक तेवढ्याच साम्याचा आग्रह आहे.

दुसरी गोष्ट प्रशासकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. योग्या ही शिक्षणाची एक पायरी आहे, शेवट नव्हे. शारीरस्थानात मृतदेह वाहत्या पाण्यात ठेवून, सात रात्रींनंतर तो थरथराने उकलून पाहण्याची पद्धत सांगितली आहे. सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात व्यवसायात पाऊल टाकणाऱ्या वैद्याच्या अटी आहेत. त्याने शास्त्र शिकलेले असावे, त्याचा अर्थ जाणलेला असावा, कर्म प्रत्यक्ष पाहिलेले असावे, तो ‘कृतयोग्य’ म्हणजे सराव केलेला असावा, आणि त्याला राजाची अनुज्ञा असावी. ग्रंथ, निरीक्षण, प्रतिकृतीवरचा सराव आणि शासनाचा परवाना अशी ही साखळी आहे. आज वैद्यकीय महाविद्यालयांना ‘स्किल लॅब’ ठेवणे बंधनकारक आहे, त्यामागील विचार याहून फारसा वेगळा नाही. फरक असलाच तर एवढाच की भोपळ्याला वार्षिक देखभालीचा करार लागत नसे.

आकाशाची प्रतिकृती

शरीरापेक्षाही आकाश शिकवणे कठीण. शरीर कापून पाहता येते. आकाशाला हात लागत नाही. म्हणून ज्योतिषशास्त्राने प्रारंभापासून प्रतिकृतीचा आधार घेतला. आर्यभटाने लाकडाचा हलका, सर्व बाजूंनी सारखा वाटोळा गोल पारा, तेल आणि पाणी यांच्या साह्याने काळाच्या गतीने फिरवावा, असे सांगितले आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणी पूर्ण केला. त्यातील गोलाध्यायात बांबूच्या काड्यांचा गोल कसा बांधावा याचे सविस्तर वर्णन आहे. मधोमध ध्रुवांना जोडणारी बळकट लाकडी यष्टी, तिच्यावर पृथ्वीची लहान गोळी, बाहेर क्षितिज आणि याम्योत्तर दाखवणारा स्थिर ‘खगोल’, आत विषुववृत्त आणि क्रांतिवृत्त असलेला फिरता ‘भगोल’, आणि दोहोंना एकत्र दाखवणारा ‘दृग्गोल’. विद्यार्थ्याने हे सारे स्वतःच्या हाताने बांधले की सूत्रांतील शब्द त्याला डोळ्यांसमोर दिसू लागत.

भास्कराचार्यांच्या विद्येसाठी खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला. इ. स. १२०७ च्या शिलालेखात त्या मठाला दिलेल्या उत्पन्नाची नोंद आहे. एका ग्रंथकाराच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून राजसत्तेने कायमची तरतूद केल्याचे हे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण होय.

पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांत ही विद्या काशीत गेली. गोदातीरीच्या गोलग्रामचे आणि विदर्भातील पयोष्णीकाठच्या दधिग्रामचे, अशी दोन ज्योतिषी घराणी तेथे नांदली. दधिग्रामच्या घराण्यातील रंगनाथाने १६०३ मध्ये सूर्यसिद्धांतावर टीका लिहिली. त्याचा पुत्र मुनीश्वर याने १६४६ मध्ये सिद्धांतसार्वभौम रचला. गोलग्रामच्या कमलाकराने १६५८ मध्ये सिद्धांततत्त्वविवेक पूर्ण केला. दोन घराण्यांत वैरही होते. मुनीश्वर भास्कराचार्यांचा अभिमानी, तर कमलाकराची निष्ठा सूर्यसिद्धांतावर. वादाच्या मुळाशी एक गंभीर प्रश्न होता. ग्रंथातील प्रतिमान आणि डोळ्यांना दिसणारे आकाश यांत अंतर पडले तर प्रमाण कोणते मानावे?

या प्रश्नाचे एक उत्तर कोकणातील नांदगावच्या केशव आणि गणेश या दैवज्ञ पितापुत्रांनी त्याआधीच दिले होते. केशवाने स्वतः वेध घेतले. गणेशाने १५२० मध्ये ग्रहलाघव लिहिला तेव्हा कोणत्याही एका सिद्धांताला चिकटून न राहता ज्या ग्रहाची स्थिती ज्या सिद्धांताने आकाशाशी जुळत होती, ती तेथून घेतली. गणित इतके सोपे केले की ज्याकोष्टकांचीही गरज उरली नाही. महाराष्ट्रातील पंचांगे पुढे शतकानुशतके ग्रहलाघवावर चालली. दैवदुर्विलास असा की आकाश पाहून दुरुस्त केलेले हे प्रतिमान पुढच्या पिढ्यांनी आकाश न पाहता वापरले. एकोणिसाव्या शतकापर्यंत पंचांग आणि आकाश यांत डोळ्यांना जाणवेल इतके अंतर पडले. प्रतिमान जितके सोयीचे, तितका ते तपासण्याचा आळस अधिक, हा नियम केवळ ज्योतिषाला लागू नाही.

मानमंदिराची गच्ची

दशाश्वमेधाजवळ मानमंदिर घाटावर आमेरच्या राजा मानसिंहाने इ. स. १६०० च्या सुमारास बांधलेला महाल आहे. त्याच्या गच्चीवर अठराव्या शतकात सवाई जयसिंहाने वेधशाळा उभारली. दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा आणि काशी अशा त्याच्या पाच वेधशाळा होत्या. त्यांपैकी मथुरेची आज नाही. जयसिंहाचे गुरू आणि सहकारी जगन्नाथ सम्राट यांचे घराणे मूळचे महाराष्ट्रातील. त्यांनी युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा ग्रंथ अरबीवरून संस्कृतात आणले.

काशीच्या गच्चीवर सम्राटयंत्र, चक्रयंत्र, दिगंशयंत्र, नाडीवलय, भित्तियंत्र अशी यंत्रे आहेत. सम्राटयंत्राची तिरकी भिंत क्षितिजाशी काशीच्या अक्षांशाएवढा, म्हणजे सुमारे २५ अंशांचा कोन करून ध्रुवाकडे रोखलेली असते. तिची सावली बाजूच्या वर्तुळखंडावर सरकते आणि स्थानिक सूर्यवेळ दाखवते. बांबूच्या गोलातील एकेक वृत्त उचलून चुन्यादगडात, माणसाहून मोठे करून ठेवावे, तशी ही यंत्रे आहेत. मात्र एक मूलभूत फरक आहे. बांबूचा गोल आकाशाची नक्कल करतो. सम्राटयंत्र आकाशालाच कामाला लावते. तेथे नक्कल आणि अस्सल एकाच ठिकाणी भेटतात आणि विद्यार्थ्याला दोन्ही ताडून पाहता येतात. १७७२ मध्ये रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रज सेनाधिकाऱ्याने ही वेधशाळा पाहिली आणि १७७७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात तिचे वर्णन छापले.

याच महालात १९ फेब्रुवारी २०१९ रोजी आभासी अनुभव संग्रहालयाचे उद्घाटन झाले. राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेने उभारलेल्या या दालनांतून काशीची संस्कृती पडदे, प्रक्षेपण आणि ध्वनी यांच्या साह्याने समोर येते. म्हणजे आज एकाच वास्तूत खाली एकविसाव्या शतकाचे आभासी विश्व आहे, आणि वर अठराव्या शतकाचे. दोन्ही एकाच फेरीत पाहावीत, असे मी सर्वांना आग्रहाने सांगतो. खालच्या दालनात आपण प्रेक्षक असतो. तेथे आपली चूक होऊ शकत नाही, कारण आपल्याला काही करायचेच नसते. वरच्या गच्चीवर मात्र सावलीची कडा चुकीची वाचली तर वेळ चुकते. प्रेक्षणीय असणे हा दोष नव्हे. संग्रहालयाचे ते कामच आहे. परंतु प्रेक्षण आणि योग्या यांतील भेद शिक्षणखात्याने विसरू नये.

बापूदेवशास्त्री

या साऱ्या धाग्यांची गाठ एका मराठी माणसाच्या आयुष्यात बसली. बापूदेवशास्त्री यांचा जन्म १८२१ चा. घराणे मूळचे नगर जिल्ह्यातील गोदाकाठचे. नागपुरात ते ढुंढिराज मिश्र यांच्याकडे लीलावती आणि बीजगणित शिकले. तेथे भोपाळचे पोलिटिकल एजंट लॅन्सलॉट विल्किन्सन यांनी त्यांना पाहिले आणि १८३८ मध्ये सीहोरच्या संस्कृत पाठशाळेत नेले.

विल्किन्सन यांची शिक्षणपद्धती लक्षात घेण्याजोगी आहे. कोपर्निकसचे मत एकदम सांगितले तर कोणी ऐकणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी आधी भास्कराचार्यांचा गोल पुढे केला. पुराणांतील सपाट पृथ्वीपासून सिद्धांतांतील गोल पृथ्वीकडे आणि तेथून सूर्यकेंद्री जगाकडे, अशी पायऱ्यांची रचना होती. सीहोरच्या सुबाजी बापूंनी ही तुलना १८३६ मध्ये ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ या मराठी पुस्तकात मांडली. आधुनिक खगोलशास्त्राची ओळख करून देणारे हे आरंभीचे मराठी पुस्तक महाराष्ट्राबाहेर, माळव्यात लिहिले गेले, हे बृहन्महाराष्ट्रातील वाचकांनी ध्यानात ठेवावे.

या पद्धतीतील मर्म असे की भास्कराचार्यांचा गोल पृथ्वीला मध्यभागी ठेवतो. आजच्या दृष्टीने हे प्रतिमान ‘चूक’ आहे. तरीही उदय, अस्त, दिनमान, ग्रहण शिकवण्यास ते उत्तम आहे. म्हणजे प्रतिमान खरे की खोटे, हा प्रश्न अपुरा ठरतो. ते कोणत्या कामापुरते खरे आहे आणि कोठे संपते, हे शिक्षकाला ठाऊक हवे आणि त्याने ते विद्यार्थ्याला सांगायला हवे.

१८४२ मध्ये बापूदेव काशीच्या संस्कृत कॉलेजात भूमिती शिकवण्यासाठी नेमले गेले. जोनाथन डंकन याने १७९१ मध्ये स्थापलेले हे कॉलेज आजच्या संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालयाचे पूर्वरूप होय. १८८९ पर्यंत, म्हणजे सत्तेचाळीस वर्षे त्यांनी तेथे अध्यापन केले. विल्किन्सन यांनी केलेले गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर त्यांनी तपासून सुधारले. सूर्यसिद्धांताचे भाषांतर स्वतः केले. दोन्ही १८६१ मध्ये कलकत्त्याहून प्रसिद्ध झाली. मानमंदिरातील यंत्रांवर त्यांनी पुस्तक लिहिले. हिंदीत अंकगणित आणि बीजगणित लिहिले. १८७८ मध्ये त्यांना सी. आय. ई. आणि १८८७ मध्ये महामहोपाध्याय ही पदवी मिळाली. १८९० मध्ये ते वारले. त्यांच्या गादीवर त्यांचेच शिष्य सुधाकर द्विवेदी आले.

बापूदेवांचे सर्वांत धाडसी काम मात्र पंचांगाचे. १८७० च्या दशकात त्यांनी काशीहून आधुनिक वेधांवर आधारलेले पंचांग काढण्यास सुरुवात केली. महाराष्ट्रात केरो लक्ष्मण छत्रे यांनी आबासाहेब पटवर्धनांच्या पाठिंब्याने हेच काम १८६५ मध्ये आरंभले होते. विरोध होणे स्वाभाविक होते. एकादशी कोणत्या दिवशी, श्राद्ध कोणत्या तिथीला, मुहूर्त कोणता, हे प्रश्न त्यावर अवलंबून होते. बापूदेवांची भूमिका परंपरेबाहेरची नव्हती. गणित दृष्टीस पडेल त्याच्याशी जुळले पाहिजे, हा ‘दृक्प्रत्ययाचा’ आग्रह नांदगावच्या केशव-गणेशांचाच होता. आकाश हे प्रमाण, ग्रंथ हे त्याचे प्रतिमान, एवढेच ते सांगत होते. या वादाचा प्रशासकीय शेवट फार उशिरा झाला. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये पंचांग सुधारणा समिती नेमली गेली आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. छत्र्यांच्या पहिल्या पंचांगापासून ब्याण्णव वर्षे लागली.

पाण्याची अर्थव्यवस्था

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. आमच्या विषयातही एक प्रसिद्ध प्रतिकृती आहे. १९४९ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये बिल फिलिप्स या न्यूझीलंडच्या तरुणाने पारदर्शक टाक्या, नळ्या, झडपा आणि रंगीत पाणी यांची ‘मोनिॲक’ नावाची अर्थव्यवस्था उभी केली. पाणी म्हणजे पैसा. कराची झडप उघडली की एका टाकीतील पातळी घसरे, गुंतवणुकीची उघडली की दुसरीकडे चढे. समीकरणांनी गोंधळलेल्यांना ते यंत्र एका दृष्टिक्षेपात उमगे. हा भास्कराचार्यांच्या बांबूच्या गोलाचाच नातेवाईक.

प्रतिकृतीची सीमा विसरली की काय होते, तेही आम्ही अर्थशास्त्र्यांनीच दाखवून दिले. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेमागे प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे प्रतिमान होते. त्याची मूळ मांडणी परदेशी व्यापार नसलेल्या, बंदिस्त अर्थव्यवस्थेची होती. गणित सुंदर होते. पण यंत्रसामग्री परदेशातून आणायची होती आणि तिला परकीय चलन लागणार होते. १९५६ मध्ये योजना सुरू झाली आणि १९५७ मध्ये परकीय चलनाचे संकट उभे राहिले. त्या संकटाची कारणे अनेक होती. परंतु प्रतिमानात जी टाकीच नव्हती, ती रिकामी होताना त्या प्रतिमानाकडे पाहून कळणे शक्य नव्हते.

आभासी विश्वांचा अलीकडचा इतिहासही हेच सांगतो. १९२९ मध्ये एडविन लिंक याने वैमानिकांसाठी जमिनीवरच हलणारी पेटी बनवली. ती टिकली, कारण चूक झाल्यास प्राण जाण्याचा धोका तिने टाळला आणि यंत्रांवर भरवसा ठेवून उडण्याचे एक नेमके कौशल्य शिकवले. २००३ मध्ये ‘सेकंड लाइफ’ नावाचे त्रिमितीय विश्व सुरू झाले. अनेक विद्यापीठांनी तेथे ‘बेटे’ विकत घेऊन वर्गखोल्या उभारल्या. थोड्याच वर्षांत त्यांतील पुष्कळ ओस पडल्या. खऱ्या वर्गात जे व्याख्यान कंटाळवाणे, ते आभासी खुर्चीवर बसून ऐकल्याने रंजक होत नाही. लिंकच्या पेटीत योग्या होती, या बेटांवर बहुधा केवळ खुर्च्या होत्या.

तीन कसोट्या

प्रशासनाला ‘अभिरूप’ अनुभव परका नाही. १९६६-६७ पासून शाळांत युवा संसद भरते. आपत्ती व्यवस्थापनाच्या रंगीत तालमी होतात. सर्वांत काटेकोर उदाहरण निवडणुकीचे आहे. मतदान सुरू होण्यापूर्वी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचे अभिरूप मतदान होते, मोजणी जुळवून दाखवली जाते आणि मग यंत्रातील ती मते पुसून टाकायची असतात. पुसण्याचे ते बटण म्हणजे नक्कल आणि अस्सल यांच्यामधील सीमारेषा. ते दाबायचे राहिले तर तालमीतील मते खऱ्या मतांत मिसळतात. म्हणून मतदान केंद्राध्यक्षाच्या प्रशिक्षणात या एका कृतीवर इतका भर असतो, आणि तो यंत्र हाताळूनच शिकवला जातो.

या इतिहासावरून, कोणत्याही आभासी शिक्षणसाधनाच्या प्रस्तावावर सही करण्यापूर्वी विचारावेत असे तीन प्रश्न मला सुचतात. पहिला योग्येचा: शिकणाऱ्याला येथे स्वतः काही करता येते का, चूक करता येते का, आणि चूक कळते का? दुसरा गोलाचा: या प्रतिकृतीत काय गाळले आहे, आणि ते शिक्षकाला सांगितले आहे का? तिसरा दृक्प्रत्ययाचा: शिकलेले प्रत्यक्षाशी ताडून पाहण्याची सोय अभ्यासक्रमात आहे का? तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तर साधन भोपळा असो वा डोळ्यांवर चढवायचा महागडा चष्मा असो, खर्च सार्थकी लागेल. जिथे खरी प्रयोगशाळाच नाही अशा दूरच्या शाळेतील मुलीला पडद्यावरचे टायट्रेशन हे मोठे वरदान आहे, यात शंका नाही. परंतु पडदा आला म्हणून तिची खरी परीक्षानळी कायमची रद्द झाली, तर आपण तिला योग्या देऊन कर्म नाकारले असे होईल. तिच्या शहरातील भावंडांना मात्र दोन्ही मिळत राहतील. या प्रश्नातील खरी विषमता ती आहे.

शेवटी एक लहानशी, जवळजवळ बिनखर्ची सूचना. काशीचे रेखांश सुमारे ८३ अंश आणि भारतीय प्रमाणवेळेचे ८२.५ अंश. म्हणून काशीची सरासरी सौर माध्यान्ह घड्याळात ११ वाजून ५८ मिनिटांच्या आसपास पडते. मुंबईत ती सुमारे १२ वाजून ३९ मिनिटांना होते. पण सूर्याची चाल वर्षभर सारखी नसते. नोव्हेंबरच्या आरंभी काशीत माध्यान्ह ११.४२ च्या सुमारास होते, तर फेब्रुवारीच्या मध्यास १२.१२ च्या सुमारास. काशीतील शाळांच्या मुलांनी वर्षातून चार वेळा मानमंदिराच्या गच्चीवर जावे, सम्राटयंत्राची सावली वाचावी, खिशातील मोबाइलचे घड्याळ पाहावे आणि फरक वहीत लिहावा. मग वर्गात येऊन संगणकावरील सिम्युलेशनमध्ये पृथ्वी फिरवून तो फरक का पडला हे शोधावे. पडदा, दगड आणि आकाश अशी तिन्ही साधने त्या शहरात आज उपलब्ध आहेत. त्यांना एका वेळापत्रकात बसवण्यासाठी अर्थसंकल्पीय तरतूद लागत नाही. शिक्षणखाते आणि पुरातत्त्वखाते यांच्यातील एक पत्र पुरेसे आहे.